खानदेशच्या आकाशातला दूरचा आवाज

आमच्या धुळ्याच्या घराशेजारी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहत असत. गाव त्यांचे नवापूरकडचे, धर्म ख्रिस्ती, आणि साऱ्या संसारात चैनीची म्हणावी अशी वस्तू एकच होती: मर्फीचा एक जुना रेडिओ. त्याच्यावर मास्तरीणबाईंनी क्रोशाने विणलेले आच्छादन असे. पोस्टात दरसाल पैसे भरून नवे करून आणलेले परवान्याचे पुस्तक भिंतीवरच्या तसबिरीमागे जपून ठेवलेले असे. तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टी खिडकीतून बाहेर पडून समोरच्या कडुनिंबाला बांधलेली होती, आणि तिच्यावर कावळा बसला तरी मास्तर आतून ओरडत. दिवाळीत आमच्या घरचे फराळाचे ताट त्यांच्याकडे जाई. नाताळात तेच ताट करंज्या आणि चकल्यांनी भरून परत येई. धर्माची देवाणघेवाण म्हणतात ती आमच्या गल्लीत एवढीच होती, आणि ती कुणाला कमी वाटत नव्हती.

गोष्ट १९७० नंतरची. संध्याकाळच्या ठरलेल्या वेळी मास्तर हातपाय धुऊन रेडिओसमोर बसत. दिवे तापायला मिनिटभर लागे. मग सुई लघुलहरींच्या पट्ट्यावर हळूहळू सरकू लागे. खरखर, शिट्ट्या, अरबी गाणे, चिनी बातम्या, पुन्हा खरखर, आणि मग एकदम, एखाद्या विहिरीतून यावा तसा, मराठी आवाज! आधी पेटीच्या साथीवर एखादे भजन, मग पंधराएक मिनिटांचे निरूपण, आणि शेवटी पत्र पाठवण्याचा पत्ता. आम्ही मुले दारात उभी राहून ऐकत असू. एकदा मी विचारले, ‘‘मास्तर, हे कुठून बोलतात?’’

‘‘समुद्रातून,’’ मास्तर म्हणाले.

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, अक्षरशः खरी माहिती होती, हे कळायला मला पुढे वीस वर्षे लागली. समुद्रातून येणारा हा मराठी आवाज खानदेशात कसा पोहोचला, आणि तो जळगावहून किंवा धुळ्याहून का येत नव्हता, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. खानदेशाला स्वतःचे असे ख्रिस्ती नभोवाणी केंद्र कधी लाभले नाही. परंतु न झालेल्या गोष्टींनाही इतिहास असतो.

नभोवाणी आणि ख्रिस्ती देवळे यांची गाठ फार लवकर पडली. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरातील केडीकेए या केंद्राने नियमित ध्वनिक्षेपण सुरू केले ते १९२० च्या नोव्हेंबरात. आणि दोनच महिन्यांनी, २ जानेवारी १९२१ रोजी, तेथील कॅल्व्हरी चर्चमधली संध्याकाळची उपासना या केंद्रावरून ऐकवण्यात आली. त्या दिवशीची एक हकीकत सांगतात. मुख्य धर्मोपदेशकांना या नव्या खेळण्याचा भरवसा वाटेना, म्हणून प्रवचनासाठी त्यांनी आपल्या दुय्यम सहकाऱ्याला पुढे केले. यंत्रे सांभाळायला आलेले दोघे तंत्रज्ञ भाविकांच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे घालून बसवले होते. त्यांपैकी एक कॅथलिक आणि दुसरा यहुदी! प्रॉटेस्टंट देवळातली ती पहिली नभोवाणी-उपासना अशा रीतीने तीन पंथांच्या सहकार्याने पार पडली.

दहा वर्षांनी रोममध्ये हाच सोहळा राजवैभवात झाला. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी खुद्द मार्कोनीने पोप अकरावे पायस यांना ध्वनिक्षेपकापुढे आणले आणि व्हॅटिकन नभोवाणीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षीच्या नाताळात दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात, क्विटो या डोंगरमाथ्यावरच्या शहरी, क्लॅरेन्स जोन्स नावाच्या एका मिशनऱ्याने मेंढ्यांच्या गोठ्यात दोनअडीचशे वॉटचे यंत्र मांडून एचसीजेबी नावाचे केंद्र चालू केले. ऐकणारे रेडिओ त्या देशात बोटांवर मोजण्याइतकेच होते. पुढे या केंद्राची शक्ती वाढवली तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. क्विटो सुमारे अठ्ठावीसशे मीटर उंचीवर वसलेले आहे. तिथल्या विरळ हवेत एरियलच्या टोकांतून विजेच्या ठिणग्या उडून धातूच वितळू लागला. तेव्हा तेथील एका अभियंत्याने, क्लॅरेन्स मूरने, टोकेच नसलेले, चौकटीसारखे बंद एरियल तयार केले. जगभरचे हौशी नभोवाणीवाले आजही ते वापरतात. तात्पर्य, भक्तीने मांडलेल्या खटाटोपातून शास्त्रालाही काही मिळाले.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी उघडले, आणि तीन वर्षांच्या आतच कंपनीचे दिवाळे वाजले. या धंदेवाईक उपक्रमाच्या शेजारीच दोन लहान केंद्रे उभी राहिली, त्यांची आठवण आज फारशी कुणाला नाही. पहिले लाहोरचे. तेथील वाय.एम.सी.ए. म्हणजे तरुण ख्रिस्ती मंडळीच्या संस्थेने १९२८ साली परवाना मिळवून एक छोटा प्रक्षेपक चालवला. १९३७ मध्ये सरकारी केंद्र लाहोरास आले तेव्हा त्याचे काम संपले. दुसरे अलाहाबादजवळच्या नैनीचे. सॅम हिगिनबॉटम नावाच्या मिशनऱ्याने १९१० मध्ये तिथे शेतकी विद्यालय काढले होते. या विद्यालयाला १९३५ च्या सुमारास खेड्यांसाठी स्वतःचे छोटेखानी ध्वनिक्षेपण करण्याची मुभा मिळाली.

ही दोन्ही केंद्रे ख्रिस्ती संस्थांची, दोन्ही अगदी स्थानिक, आणि दोघांनाही नफा कमवायचा नव्हता. पण त्यांतले एक शहरातल्या तरुणांसाठी होते आणि दुसरे नांगरधाऱ्यांसाठी. भारतातल्या ‘जवळच्या’ ख्रिस्ती नभोवाणीचा जन्म असा सेवेच्या पोटी झाला, प्रवचनाच्या नव्हे. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. शेवटी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आपल्या मुलखातही त्या काळी खेड्यांसाठी असा एक प्रयोग झाला. १९३३ साली मुंबई केंद्रावरून ठाणे जिल्ह्यातील भिवंडीकडच्या खेड्यांसाठी मराठी कार्यक्रम होऊ लागले. खेड्यात एक सामाईक रेडिओ, आणि त्याच्याभोवती जमलेले गाव. खानदेश मात्र या साऱ्यापासून दूर होता. तापीकाठचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत पोहोचत होता. मुंबईचा आवाज तापीकाठी येत होता तो श्रीमंताच्या दिवाणखान्यापुरता.

तरीही याच सुमारास धुळ्यातून एक आवाज निघाला आणि हिंदुस्थानभर गेला. १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. तिथे ध्वनिक्षेपक नव्हता, एरियल नव्हते, होती एक झरझर चालणारी लेखणी. त्या बोलांचे पुस्तक झाले आणि पुढे अनेक भाषांत गेले. क्विटोच्या गोठ्यात यंत्र सुरू झाल्यानंतर दोनच महिन्यांत धुळ्याच्या कोठडीत हे घडत होते. आवाज दूर जायला यंत्र लागतेच असे नाही, ऐकणारा आणि जपणारा लागतो, हे खानदेशाने त्या वर्षी दाखवून दिले.

ख्रिस्ती मिशनरीही खानदेशात आले. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आजचे जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, आणि आजचे धुळे व नंदुरबार म्हणजे पश्चिम खानदेश. या पश्चिम भागात फ्रेड्रिक फ्रॅन्सनने १८९० मध्ये अमेरिकेत स्थापलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काम करू लागले. भिल्ल, मावची आणि पावरा वस्त्यांतून त्यांच्या शाळा आणि दवाखाने निघाले. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२ मधले, आणि ते अजून चालू आहे. या मिशनचे नाव १९४९ मध्ये बदलून ‘टीम’ असे झाले.

आता गंमत पाहा. याच मिशनने १९५६ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, दक्षिण कोरियातल्या इंचॉन बंदरी एचएलकेएक्स नावाचे नभोवाणी केंद्र उघडले. तिथून कोरियन, चिनी, रशियन भाषांतून कार्यक्रम होऊ लागले. म्हणजे पैसा होता, यंत्रांचे ज्ञान होते, माणसे होती. आणि त्याच संस्थेची माणसे पन्नास वर्षांपासून खानदेशात राहून इथल्या बोली शिकलेली होती. तरी कोरियात जे झाले ते खानदेशात झाले नाही. त्याचे कारण समुद्रात किंवा सातपुड्यात नव्हते, ते कायद्यात होते.

तारायंत्राचा १८८५ चा कायदा आणि बिनतारीचा १९३३ चा कायदा या दोहोंनी हिंदुस्थानातले आकाश सरकारच्या ताब्यात दिले होते. स्वातंत्र्यानंतर ती व्यवस्था तशीच राहिली. फाळणीची जखम ओली होती. कुणाच्या तोंडून निघालेला एक शब्द कुठे आग लावील याचा नेम नव्हता. अशा वेळी कोणत्याही पंथाच्या हाती ध्वनिक्षेपक देणे सरकारला परवडणारे नव्हते, आणि त्यात फारसे नवल नाही. शिवाय परदेशी पैशावर चालणाऱ्या मिशनांविषयी शेजारच्या मध्य प्रदेशात नेमलेल्या नियोगी समितीचा कडक अहवाल त्याच १९५६ सालचा. इंचॉनला केंद्र उघडत होते त्या वर्षी आपल्याकडचे वारे असे वाहत होते.

आकाशवाणीवर ख्रिस्ती भजने मुळीच नव्हती असे कुणी समजू नये. नाताळाचे कार्यक्रम होत, भक्तिगीतांत इतरांच्या जोडीला ख्रिस्ती गीतही वाजे. नागपूरचे केंद्र १९४८ चे आणि पुण्याचे १९५३ चे. परंतु खानदेशातल्या ख्रिस्ती कुटुंबाला आपले म्हणून जे हवे होते, त्याच्या वाट्याला वर्षातून एकदोन दिवस येत. मास्तर म्हणत, ‘‘आम्हाला आकाशवाणीने पाट मांडला आहे खरा, पण पंगतीच्या अगदी टोकाला.’’

याच काळात खानदेशच्या कानांना परदेशी केंद्र लावण्याची सवय लागली, ती मात्र धर्मामुळे नव्हे. १९५२ मध्ये माहितीमंत्री केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली आणि साऱ्या देशाने सुई सिलोनकडे वळवली. महायुद्धात माउंटबॅटनच्या सेनेसाठी उभारलेली प्रबळ यंत्रे रेडिओ सिलोनच्या हाती आली होती. त्यांच्यावरून बिनाका गीतमाला धुळ्याच्या हॉटेलांत आणि भुसावळच्या रेल्वे चाळींत घुमू लागली. त्याच केंद्रावर पैसे भरून वेळ विकत घेता येई. दंतमंजनवाल्यांनी घेतला तसा धर्मोपदेशकांनीही घेतला. जे दिल्लीत मिळत नव्हते ते कोलंबोत मिळत होते.

पण विकत घेतलेल्या अर्ध्या तासात कुणाचेच समाधान होईना. स्वतःचे केंद्र हवे, आणि ते भारताबाहेर पण भारताकडे तोंड करून हवे, असा विचार बळावला. फिलिपीन्समधील मनिला येथे फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग कंपनीने ४ जून १९४८ रोजी ख्रिस्ती केंद्र सुरू केले होते. तिच्या सहकार्याने १९५९ मध्ये इंग्लंडात ‘फेबा’ ही संस्था निघाली. जागेच्या शोधात ती हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांपर्यंत पोहोचली, आणि ७ मे १९७० रोजी तेथील माहे बेटावरून तिचे ध्वनिक्षेपण सुरू झाले.

मास्तरांचे ‘समुद्रातून’ ते हेच. बेट डोंगराळ, सपाट जमीन थोडी. म्हणून एरियलचे मनोरे किनाऱ्यालगतच्या प्रवाळाच्या खडकावर, चक्क समुद्रात उभारले. त्यात एक शास्त्रीय सोयही होती. खारे पाणी हे लघुलहरींच्या दृष्टीने उत्तम आरसा असते. लहरी त्याच्यावरून क्षितिजाला चाटून जातात आणि दूरवर पोहोचतात. पृथ्वीच्या वर शेकडो किलोमीटरांवर विद्युद्भारित हवेचा जो थर आहे, त्याच्यावर आदळून त्या खाली उतरतात. माहेपासून खानदेश साडेतीन हजार किलोमीटरांहून किंचित लांब. म्हणजे समुद्रात निघालेला आवाज एकाच उडीत, मधल्या साऱ्या महासागराला आणि मुंबईलाही ओलांडून, थेट तापीच्या खोऱ्यात उतरू शकत होता. वातावरणाची मर्जी असली तर मास्तरांना तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येई. नसली तर पाऊण कार्यक्रम खरखरीत बुडे. मग ते उरलेले शब्द अंदाजाने भरून काढत. निम्मा उपदेश सेशेल्सचा आणि निम्मा मास्तरांचा, असा तो जोडधंदा होता.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बोलणारी माणसे बेटावर नसतच. कार्यक्रम भारतातच ध्वनिमुद्रित होत आणि त्यांच्या फिती तिकडे रवाना होत. म्हणजे घरचाच माणूस पुढच्या दाराने बाहेर पडून, समुद्राला वळसा घालून, मागच्या खिडकीने घरात येत होता! पुढे १९७८ मध्ये ट्रान्स वर्ल्ड रेडिओ या दुसऱ्या संस्थेने श्रीलंकेत पुत्तलमजवळ चारशे किलोवॉटचे मध्यमलहरींचे केंद्र सुरू केले. ते जवळचे, सुमारे दीड हजार किलोमीटरांवरचे; त्याला लघुलहरींचा महागडा रेडिओ लागत नसे. साधा ट्रान्झिस्टर पुरे. शेतातल्या माळ्यावर, केळीच्या बागेच्या राखणीला बसलेल्या माणसालाही ते रात्री ऐकू येण्यासारखे होते.

या केंद्रांवर जाहिराती नव्हत्या. खर्च चाले तो दूरदेशच्या भाविकांच्या वर्गणीवर. मग यांना यश आले की नाही हे मोजायचे कशाने? खप नाही, तिकीटविक्री नाही. मोजमाप एकच होते: श्रोत्यांची पत्रे. म्हणून तर प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी पत्ता सांगत. खेड्यातून आंतरदेशीय पत्र जाई, त्याला उत्तर येई, कधी एखादे पुस्तक, कधी पत्रद्वारे चालणारा बायबलचा अभ्यासक्रम. मास्तरांच्या ट्रंकेत अशा उत्तरांचा गठ्ठा होता. ‘आपले पत्र पावले’ या तीन शब्दांचे त्यांना कोण अप्रूप! साऱ्या आयुष्यात त्यांनी शेकडो अर्ज वरच्या कचेऱ्यांना लिहिले होते, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना हे तीन शब्द लाभले होते.

पत्राचे हे महत्त्व सरकारी नभोवाणीलाही एकदा उमगले होते. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालवली. वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, वाद घालत, आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवत. पुढच्या खेपेला त्यांची उत्तरे मिळत. कल्पना मूळची कॅनडातली, पण ती आपल्या पारावर छान रुजली. नभोवाणी म्हणजे वरून पडणारा पाऊस नव्हे, तो संवाद आहे, हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले. खानदेश मात्र त्या पाच जिल्ह्यांत नव्हता. नाशिकच्या हद्दीशी येऊन तो प्रयोग थांबला.

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. परक्या भूमीवरून, परक्या पैशाने, आपल्या देशात धर्माचा आवाज सोडणे योग्य होते काय? ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला पोरकट वाटत नाही. ज्या आवाजाला समोरासमोर जाब विचारता येत नाही, त्याच्याविषयी मनात संशय राहतोच. पण दुसरी बाजू मास्तरांच्या खोलीत मी पाहिली आहे. त्यांना कुणी बाटवायला निघाले नव्हते. त्यांच्या आजोबांपासून घर ख्रिस्ती होते. त्यांना हवे होते ते एवढेच, की दिवसाच्या शेवटी आपल्या भाषेत आपले भजन कानावर पडावे. ते इथे मिळेना म्हणून समुद्रापलीकडून आले. आवाज परका ठरला तो त्याच्या वाटेमुळे, बोलामुळे नव्हे.

तरी बोलांचीही एक अडचण होती, आणि ती मास्तरांनीच मला सांगितली. एका संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर ते म्हणाले, ‘‘मराठी छान आहे हो यांची. अगदी पुस्तकातल्यासारखी. पण माझी आई हे ऐकायला बसली असती ना, तर उठून गेली असती. तिला मावचीशिवाय काही उमगायचे नाही.’’

हे वाक्य मी विसरलो नाही. खानदेश हा एका भाषेचा मुलूख नाही. अहिराणी आहे, लेवा पाटीदारांची बोली आहे, गुजरी आहे, सातपुड्यात भिल्ली आणि पावरी आहे, नवापूरकडे मावची आहे. हजारो किलोमीटरांवरचे केंद्र मराठीपर्यंत येऊन थांबणार. त्याने मावचीपर्यंत उतरावे कसे? मिशनऱ्यांनी यावर एक साधा उपाय काढला होता. जॉय रिडरहॉफ या बाईंनी १९३९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज ही संस्था छोट्याछोट्या बोलींतून तबकड्या तयार करी. त्या ऐकायला पुठ्ठ्याचा घडीचा फोनोग्राफ असे. वीज नको, चावी नको, तबकडी बोटाने किंवा काडीने फिरवली की पुठ्ठा बोलू लागे. चारशे किलोवॉटच्या यंत्राला जे साधत नव्हते ते या पुठ्ठ्याला साधत होते. मात्र पुठ्ठा तेवढेच पुन्हा पुन्हा बोले, आणि त्याला पत्र पाठवता येत नसे.

मग १९७६ साल आले आणि जळगावला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. खानदेशाला प्रथमच स्वतःचा गळा मिळाला. कापसाचे आणि केळीचे भाव, तापीची पूरवार्ता, शेतकऱ्यांचे प्रश्न, गावोगावचे गाणारे. मुंबई-पुण्याच्या केंद्रांत ज्यांना कुणी विचारले नसते अशी माणसे ध्वनिक्षेपकापुढे येऊन बसली. पुढे धुळ्यालाही आकाशवाणीचे एफ.एम. केंद्र आले. जळगाव केंद्र लागले त्या दिवसांत मास्तर दोन्हीकडे सुई फिरवत. सेशेल्सवर धर्म आपला पण बोली लांबची. जळगावला बोली जवळची पण धर्माला जागा थोडी. दोन्हींच्या मध्ये सुई कुठेतरी थांबावी आणि दोन्ही एकदम ऐकू यावे, अशी त्यांची इच्छा असे. रेडिओच्या तबकडीवर तो आकडा नव्हता.

कायद्याचे दार पुढे किलकिले झाले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की आकाशातल्या लहरी ही सरकारची मिरास नव्हे, ती लोकांची मालमत्ता आहे. त्यानंतर खाजगी एफ.एम. केंद्रे आली; त्यांच्या परवान्याच्या नियमांत मात्र धार्मिक संस्थांशी बांधलेल्या कंपन्यांना मज्जाव ठेवला आहे. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सेवाभावी संस्थांना सामुदायिक नभोवाणीचा परवाना मिळू लागला. हे केंद्र अगदी लहान, टप्पा दहापंधरा किलोमीटरांचा. नफा कमवायचा नाही, आणि कुणाच्या धार्मिक भावनांशी खेळायचे नाही. आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी निघाली ती याच वाटेने, २००८ मध्ये.

आणि आता तो जुना धागा पुन्हा हाती येतो. केरळात वायनाड हा डोंगराळ, आदिवासी जिल्हा आहे. तिथे मानंतवाडीच्या धर्मप्रांताच्या सेवासंस्थेने २००९ मध्ये असेच एक सामुदायिक केंद्र काढले. नाव ‘माट्टोली’, म्हणजे प्रतिध्वनी. चालवणारी संस्था ख्रिस्ती. पण केंद्रावर चालते ते शेतीचे, आरोग्याचे, आणि आदिवासींच्या स्वतःच्या बोलींतले बोलणे. नैनीच्या शेतकी विद्यालयाने सत्तरपंचाहत्तर वर्षांपूर्वी जे आरंभले होते, तेच वायनाडच्या डोंगरात नव्याने उगवले. प्रवचन नाही, सेवा आहे. आणि ज्याची सेवा करायची त्याला बोलू द्यायचे आहे. मास्तरांची आई वायनाडची असती तर ती उठून गेली नसती.

दूरच्या आवाजांचे युग आता ओसरले आहे. सेशेल्सहून होणारे फेबाचे लघुलहरींवरचे ध्वनिक्षेपण २००३ मध्ये बंद झाले. मास्तर ते बंद होण्याआधीच गेले होते. त्यांच्या मुलाने घर विकले, तेव्हा कडुनिंबाला गुंडाळलेली तांब्याची पट्टी झाडाच्या सालीत रुतून बसली होती. ती कुणी काढली नाही.

मागल्या वर्षी नवापूरच्या बाजारात एका चहाच्या गाडीपाशी उभा होतो. एक तरुण मोबाइलवर गाणे ऐकत होता. भाषा मला कळेना. विचारले तर म्हणाला, ‘‘मावची आहे. आमच्याच पोरांनी म्हटलंय.’’ कुठे मुद्रित केले? ‘‘घरीच.’’ परवाना नाही, मनोरा नाही, प्रवाळाचा खडक नाही. मी त्याला मास्तरांची गोष्ट सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘पण काका, हे मी एकटाच ऐकतो. ते तर सगळे मिळून ऐकायचे ना?’’

खरे होते त्याचे. मास्तरांच्या दारात आम्ही चारपाच पोरे उभी असायचो, आत मास्तरीणबाई भाजी निवडत बसलेल्या असायच्या, आणि ठरलेल्या वेळी सगळ्यांचे कान एकाच सुईकडे लागलेले असायचे. बोली आपली, धर्म ज्याचा त्याचा, आणि ऐकायला एकत्र बसलेली गल्ली. या तिन्ही गोष्टी एका जागी आणणारे केंद्र खानदेशात व्हायचे आहे. नवापूरहून परतलो तो रात्र झाली होती. आमच्या गल्लीत दिवाळीचे आकाशकंदील लागले होते, आणि मास्तरांच्या जुन्या घराच्या ओसरीवर नव्या बिऱ्हाडाची मुले एका मोबाइलभोवती डोकी एकत्र करून काहीतरी ऐकत बसली होती.